बी साइडची उरलेली पट्टी

लग्नसराईत गेवराईच्या बाजारात भर दुपारी दुकान उघडं ठेवून बसणं ही शिक्षाच असते. परवा समोरून एक वरात गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसापेक्षा उंच स्पीकर रचलेले, त्यांच्या दणक्यानं माझ्या काउंटरवरच्या बरण्यांतल्या गोळ्या नाचत होत्या. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, घोड्याचे खूर त्यात उमटत होते आणि वर बसलेला नवरदेव मुंडावळ्यांच्या आडून घाम पुसत होता. पुढं पोरं नाचत होती. स्पीकरमधली पोरं गात नव्हती, ठेक्यावर भराभरा बोलत होती. बोलणंही आपल्याच मुलखाचं. कावून, लई, न्हाई, हाय, सगळं जसंच्या तसं. मी साखर तोलत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, काका, पारडं कधीचं खाली टेकलंय, अजून किती टाकता.

त्या गाण्यात पोरांच्या आवाजामागं आणखी एक आवाज होता. मधूनच यायचा, दोन शब्द बोलायचा आणि तुटायचा. तो आवाज कुणाचा आहे हे त्या वरातीत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण तो तिथं मीच पोचवला होता. एकदा नाही, तीनदा.

आमच्याकडे या दिवसांना दोन वास असतात. एक घराच्या कोपऱ्यात गवताखाली पिकत घातलेल्या गावरान आंब्यांचा आणि दुसरा मांडवाच्या तापलेल्या कापडाचा. माझ्यापुरता तिसराही आहे, दिवसभर चालून गरम झालेल्या टेपरेकॉर्डरचा. प्लास्टिक, धूळ आणि थोडंसं जळकं काहीतरी. आता टेप कुठंच नाहीत, तरी वैशाख लागला की तो वास मला येतोच. बायको म्हणते, नाक दाखवून या कुणाला तरी.

मी मन्मथ. आमच्याकडच्या वाण्यांच्या दर दोन घरांआड एक मन्मथ सापडतो, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. वडिलांचं किराणा दुकान होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि बाहेरचा माल गावात शिरला होता. शाम्पूच्या पुड्या दुकानाच्या दारात तोरणासारख्या लटकायला लागल्या होत्या, चहाच्या टपरीवर थंड बाटल्यांचे क्रेट आले होते, ज्याच्या घरी केबल त्याच्या ओसरीवर सगळी गल्ली. वडिलांनी काळ ओळखून डाळींच्या पोत्यांमागची अर्धी फळी मला दिली आणि तिथं मी कॅसेटी भरून देण्याचा धंदा थाटला.

तो धंदा आता कुणाला सांगून कळत नाही. गिऱ्हाईक कागदाच्या चिटोऱ्यावर गाण्यांची यादी आणायचं, मी साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचो. पण गाणी कधी पट्टीत नेमकी बसत नाहीत, शेवटी चार-पाच मिनिटं उरतातच. आणि आमचं गिऱ्हाईक असं, की शेवटी नुसता सूं असा आवाज ऐकू आला तर कॅसेट परत घेऊन यायचं आणि चार लोकांत विचारायचं, अर्धी रिकामीच दिली का. म्हणून उरलेली पट्टी कोरी सोडायची नाही, हा आमच्यातला नियम होता. अर्धवट गाणं टाका, एखादी धून टाका, कुणी सांगितलेला विनोद टाका, पण भरा. पुढं पुढं हे करताना डोकं वापरावं लागत नसे, हात आपोआप जायचा.

मच्छिंद्र माझ्याबरोबर कॉलेजात होता. चकलांब्याचा, धनगराचा. उन्हाळ्यात त्याचे वडील मेंढरं घेऊन तलवाड्याच्या शिवारात असायचे. रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, खत शेतकऱ्याला मिळायचं आणि यांना चारा. मच्छिंद्रही सुट्टीत तिथंच. त्याची जीभ म्हणजे काय चीज होती ते लिहून सांगता येणार नाही. एसटीच्या कंडक्टरशी भांडायला लागला तरी वाक्याला वाक्य यमकात जुळवायचा, आणि कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून ऐकत राहायचा. गॅदरिंगमध्ये एकदा त्यानं कॉलेजच्या गळक्या वर्गांवर एका दमात इतकं बोलून दाखवलं, की पुढच्या रांगेतले प्राचार्यही टाळ्या वाजवून बसले आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्यांनी हात मांडीखाली घातले.

तिसरा सलीम. त्याच्या घरचं बँडपथक होतं. तो कॅसिओ वाजवायचा आणि वीज गेली की तोंडानंच ढोल, झांजा, सगळं काढायचा. त्याच्या मामाकडे केबल होती. तिथं एका दुपारी आम्ही तिघांनी अमेरिकेतली पोरं पाहिली, ढगळ पँटी घातलेली, कॅमेऱ्यात बोटं खुपसत तालावर भांडणारी. एक अक्षर कळलं नाही. पण हे लोक चिडलेत आणि चिडलेलं असूनही त्यांचा ताल सुटत नाही, एवढं कळलं. मच्छिंद्र म्हणाला, आमचा बाप कुत्र्यावर वरडतो ते ह्येच की. सलीम म्हणाला, मग तू पण तालात वरड ना बे.

अशी आमची टोळी झाली. नाव ठेवलं ‘बे-बंद’. ते मी ठेवलं, आणि त्यातली कोटी, एक बेबंद आणि एक सलीमच्या तोंडचं ‘बे’, महिनाभर भेटेल त्याला समजावून सांगितली. कॉलेजमागच्या बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीत आम्ही तालीम करायचो, कारण तिथं आवाज घुमायचा. जोंधळ्याच्या कापणीवर, दुष्काळी कामांच्या खडीवर, टीव्हीतल्या साबणाच्या बायकांवर, कशाकशावर मच्छिंद्र बोलायचा. कागद त्याला लागत नसे. मी मात्र वही घेऊन बसायचो आणि त्याचं बोलणं उतरवून घ्यायचो. आणि उतरवून घेताना दुरुस्त करायचो.

त्याचं मुख्य गाणं असं होतं: ‘आमी रानाचे, आमी वाटंचे, आमी कुनाचेच न्हाई; गाव म्हनतं हाकला ह्याला, हाकलायला जागाच न्हाई.’ मी वहीत लिहिलं: आम्ही रानाचे, आम्ही वाटेचे, आम्ही कुणाचेच नाही. कॅसेटचं नावही मी तेच ठरवलं, ‘आम्ही’. मच्छिंद्रनं वही हातात घेऊन वाचली आणि म्हणाला, मन्या, मी आसं बोलत न्हाई. मी म्हणालो, कॅसेटमध्ये असंच बोलतात. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. आपली बोली ही आपसात भांडायला, गुरं हाकायला आणि घरात बोलायला. मशीनसमोर जायचं तर तोंड धुऊन जायला हवं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, शाळेत पहिल्या दिवसापासून ते हवेतच होतं.

त्यानं मानलं, कारण त्याला घाई होती. ज्येष्ठात त्याचं लग्न ठरलं होतं, तलवाड्याजवळची मुलगी, सुमन. टाकीच्या कठड्यावर बसून त्यानं एकदाच, पण सरळ सांगितलं, “माझ्या मांडवात माझी कॅसेट वाजली पायजे, मन्या. आमी लोकाच्या रानात बसतो, तिथं आमाला कुनी बोलू देत न्हाई. एक दिस तरी गावानं गप बसून माझं ऐकावं.”

बीडला एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत भजनांच्या कॅसेटी रेकॉर्ड व्हायच्या. तिथला माणूस, ज्याला सगळे मास्तर म्हणायचे, त्यानं आधीच बजावलं होतं की भिंतींना लावायला पांघरुणं आणा, नाहीतर आवाज घुमतो. मच्छिंद्रनं वडिलांची दोन घोंगडी आणली. ती खिळ्यांना अडकवली, दार लावलं आणि पंखा बंद केला, कारण पंख्याची घरघर टेपमध्ये येते. चैत्राचं ऊन पत्र्यावर, खोलीत मेंढरांचा वास आणि आम्ही तिघं. काचेपलीकडे मास्तर, त्याच्यासमोर फिरणारी मोठी रिळं. मच्छिंद्र माईकपुढं उभा राहिला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झालेली होती. चेहरा मात्र असा खुललेला, की मला हेवा वाटला. तो हेवा मी तेव्हा ओळखला आणि झाकून ठेवला.

बाकीची गाणी झाली. अडखळत झाली, पण झाली. अडलं ते ‘आम्ही’पाशी. त्याच्या तोंडात ‘आमी’ बसलेलं. सावकाश म्हण म्हटलं की तो ‘ह’ आणण्यासाठी शब्दाचे दोन तुकडे करायचा, ‘आम’ आणि ‘ही’. वेगात म्हटलं की परत ‘आमी’. मधे काही सापडेना. ‘आम ही रानाचे, आम ही वाटेचे.’ काचेपलीकडून मास्तरचा आवाज आला, “आंबे इकायला आलास का रे?” सलीमनं कॅसिओवर डोकं टेकलं आणि हसायला लागला. मी हसलो. मच्छिंद्रही हसला, त्या पहिल्या वेळी.

मग पुन्हा. आणि पुन्हा. मास्तर दरवेळी काहीतरी बोलायचा. हापूस का गावरान, डझन कसे दिले, कोय तरी हाय का आत. सलीम बाहेर जाऊन हसून यायचा. मच्छिंद्र घोटभर पाणी प्यायचा, डोळे मिटायचा, ओठ हलवून मनातल्या मनात म्हणून बघायचा आणि मान हलवून तयार व्हायचा. पुन्हा आम ही. एकदा त्यानं स्वतःच्या मांडीवर चापट मारली, ती टेपवर ऐकू येते. आणि शेवटी शेवटी तो म्हणाला, अगदी हळू, “मास्तर, येतंय मला, खरंच येतंय. अजून एक डाव.”

मी म्हणू शकलो असतो की मास्तर, राहू द्या, त्याचं ‘आमी’च घ्या. एवढंच करायचं होतं. पण मी वही हातात धरून बसलो होतो आणि शाळेत मास्तरांच्या हातात छडी असताना जे सुख त्यांना मिळत असेल, ते मला मिळत होतं.

शेवटी एकदाचं ते जमलं. जोर काढून, जीव काढून, पण स्वच्छ ‘आम्ही’ आलं. गाण्यात मात्र काही राहिलं नाही. तो रानात बोलायचा तेव्हा शब्द त्याच्या पुढं पळायचे, इथं तो एकेक शब्द उचलून ठेवत होता. पण आम्ही खूष. मास्तरनं गाण्यांची टेप दिली आणि वरून, थट्टेनं, सगळ्या चुकांची वेगळी टेपही दिली, रीळ थांबवलंच नव्हतं म्हणाला. मच्छिंद्र तेव्हा खिळ्यांवरची घोंगडी काढत होता. ती टेप मी पिशवीत टाकली.

तो मेंढरांकडे गेला आणि मी प्रती काढायला बसलो. मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीवर आमचे तिघांचे उलट्या टोप्यांतले चेहरे आणि ठळक अक्षरांत ‘आम्ही’. ए साइड भरली. बी साइडला सात मिनिटं पट्टी उरली. सलीमची एक नुसती कॅसिओची धून होती, ती टाकता आली असती. मी चुकांची टेप लावली.

पुढची वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की सवयीनं झालं, धंद्याची खोड, हात आपोआप गेला. ऐकणाऱ्यांना ते पटतं. डोळ्यांसमोर तसं चित्रही येतं, घामाघूम झालेला दुकानदार, ढीगभर कॅसेटी, यंत्रासारखा चालणारा हात. खरं असं आहे की मी ती टेप लावली, ऐकली, हसलो, मागे नेऊन पुन्हा ऐकली आणि मग भरली. कॉलेजात लोक म्हणायचे मच्छिंद्रची गाणी. वही माझी, नाव माझं, पळापळ माझी, आणि गाणी मच्छिंद्रची. मला तो थोडासा, अगदी सात मिनिटांपुरता, खाली आलेला हवा होता.

कॅसेट बाजारात आली आणि पहिला आठवडा काहीच झालं नाही. आमच्या मराठीच्या सरांनी ऐकली आणि मला बोलावून सांगितलं की मुखपृष्ठावर शुद्धलेखनाची एकही चूक नाही, हे विशेष. बीडच्या एका पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या, ग्रामीण तरुणांचा विनोदी प्रयत्न म्हणून. विनोदी का म्हटलंय ते मला कळेना. मग एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, ती आंब्यावाली कॅसेट द्या.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. कुणीही ए साइड ऐकत नव्हतं. कॅसेट आणायची, बी साइडच्या शेवटी न्यायची आणि टपरीवर मोठ्यानं लावायची. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर ट्रकवाले जेवता जेवता ऐकायचे. टेम्पोत वाजायची, सलूनमध्ये वाजायची. पोरांना ती सात मिनिटं पाठ झाली, मास्तरच्या बोलण्यासकट. आंब्याचेच दिवस होते. बाजारात पाट्या घेऊन बसलेल्या बायकाही ‘आम ही, आम ही’ म्हणून गिऱ्हाईक बोलवायला लागल्या. आणि सगळ्यात जास्त हशा कशाला, तर ‘येतंय मला, खरंच येतंय’ याला. कुणाच्या हातून काही सांडलं, कुणाची मोटरसायकल सुरू होईना, कुणी परीक्षेत नापास झालं, की लगेच कुणीतरी म्हणायचं, मास्तर, येतंय मला.

लोकांना मी दोष देत नाही. ते मच्छिंद्रला ओळखतही नव्हते. त्यांच्यापैकी निम्म्यांना स्वतःला ‘आम्ही’ म्हणता येत नव्हतं, तेही सगळे घरीदारी ‘आमी’च म्हणत होते. कदाचित म्हणूनच इतकं हसू येत होतं. आपण ज्याला घाबरतो ते दुसऱ्याच्या गळ्यात पडलेलं बघून जे हसू फुटतं, ते आवरत नाही.

मच्छिंद्रनं ते पहिल्यांदा ऐकलं तलवाड्याच्या बाजारात, मीठ घ्यायला गेला असताना. दुसऱ्या दिवशी दुकानात आला. उन्हातून आलेला, पायांवर धूळ. ओरडला असता तर बरं झालं असतं. काउंटरला टेकून उभा राहिला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि विचारलं, “मन्या, ही पट्टी कावून भरली?”

“कोरी राहिली असती बे,” मी म्हणालो.

“कोरी ऱ्हायली असती तं काय झालं असतं?”

मी डाळीच्या पोत्याचं तोंड बांधायला लागलो. त्यानं मला गाठ मारू दिली. मग म्हणाला, पुढच्या कॅसेटीतून तेवढं काढ. मी हो म्हणालो.

पुढच्या प्रती काढल्या तेव्हा मी ते काढलं नाही. लोक बी साइड पुढं ढकलत बसतात, त्यात पट्टी अडकते, कॅसेटी परत येतात. म्हणून मी ती सात मिनिटं उचलून ए साइडच्या सुरुवातीलाच घातली. पहिल्या खेपेला चूक म्हणून पळवाट तरी होती. दुसऱ्या खेपेला मी पूर्ण शुद्धीवर होतो, फळीवर रांगेत कॅसेटी लावल्या आणि काचेवर पाटी लावली, आंब्यावाली कॅसेट मिळेल. पाटीतही शुद्धलेखनाची चूक नव्हती.

लग्न ज्येष्ठात झालं, मुलीच्या गावी, भर दुपारी. मी पुढच्या रांगेत, नवरदेवाचा मित्र म्हणून हातात सरबताचा पेला. मच्छिंद्र फेट्यात छान दिसत होता. अक्षता पडल्या, आणि मग आमच्याकडे असतो तसा नाव घेण्याचा आग्रह सुरू झाला. माईक हातात धरून आहेराची नावं पुकारणारा जो बोलका माणूस प्रत्येक लग्नात असतो, त्यानं माईक आधी नवरीपुढं धरला. सुमननं मान खाली घालून, पण खणखणीत आवाजात यमक जुळवून नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मग माईक मच्छिंद्रपुढं आला.

सगळा तालुका ज्याच्या यमकांवर डोलला असता, तो माणूस. दोन ओळी जुळवणं त्याला श्वास घेण्याइतकं सोपं होतं. त्यानं तोंड उघडलं. मांडव एकदम गप्प झाला, बायकांच्या हातातले पुठ्ठ्यांचे पंखे थांबले, आचारी झारा हातात घेऊन बघायला आले. त्याला हवं होतं तसं गाव गप्प बसून त्याचं ऐकायला तयार होतं. पण ते कशाची वाट बघतंय हे त्याला कळत होतं. त्याचे ओठ हलले. मी त्या खोलीत ते ओठ तसेच हलताना पाहिले होते. तो मनातल्या मनात म्हणून बघत होता.

मागून कुणीतरी म्हणालं, मास्तर, येतंय मला. मांडव फुटला. आणि लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीत माझी दुसऱ्या खेपेची कॅसेट होतीच. शोधावं लागलं नाही, सुरुवातीलाच होतं, त्यानं नुसतं बटण दाबलं. खांबांवरच्या कर्ण्यांतून मच्छिंद्रचा आवाज शिवारभर गेला. आम ही. आम ही. हापूस का गावरान. लोक एकमेकांच्या खांद्यांवर पडून हसत होते. सुमनला काय ते माहीत नव्हतं. सगळे हसतात म्हणून तीही हसली. मच्छिंद्रनं मान वळवून तिला हसताना बघितलं, आणि तोंड मिटलं.

मी हसलो नाही असं इथं लिहिता आलं असतं. हसलो.

माझ्या शेजारी त्याचे वडील बसले होते. त्यांना ऐकायला कमी यायचं, गंमत कशाची चाललीय ते कळत नव्हतं. कर्ण्याकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, “मन्मथशेट, पोराचाच आवाज हाय न्हं?” मी म्हणालो, होय. ते थोडा वेळ ऐकत राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सगळ्यांचे हसरे चेहरे बघत. मग समाधानानं म्हणाले, “गोड हाय.”

त्यानंतर मच्छिंद्र चार माणसांत बोलला नाही. कॉलेज सुटलं. सलीमनं कॅसिओ ठेवून दिला आणि जालन्याला मामाच्या गॅरेजमध्ये गेला. कॅसेटी संपल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या, मी परत डाळ-साखरेवर आलो. दर लग्नसराईत एखादा जुना माणूस हसत विचारायचा, शेट, ती आंब्यावाली हाय का अजून. मीही हसून म्हणायचो, आता कुठली.

होती. एक प्रत मी ठेवली होती.

मागच्या दिवाळीत बीडची तीन पोरं दुकानात आली. कानात बाळ्या, हातात मोबाइल. ती आपल्या बोलीत रॅप करतात आणि लोक ते मोबाइलवर बघतात म्हणे. कुठूनतरी त्यांना कळलं होतं की मराठवाड्यात हे पहिल्यांदा आम्ही केलं. काका, तुमी लई मोठं काम केलंय, असं म्हणून त्यांनी माझ्या पायांना हात लावले. मी खुर्च्या मागवल्या. कॅसेट काढून दिली. त्यांनी एक जुना टेप पैदा केला आणि ऐकत बसली. ए साइडची ती सात मिनिटं त्यांनी मागे नेऊन दोनदा ऐकली. मग एकजण म्हणाला, ह्याचा ठेका लई भारी बसंल. दुसऱ्यानं विचारलं, हा माणूस कुठं असतो, त्याला विचारावं लागंल का?

मी म्हणालो, कशाला, मी आहे ना.

परवाच्या वरातीत वाजत होतं ते हेच. ‘आम ही’ तुकडा तुकडा करून ठेक्यात बसवलेलं, आणि मधूनच ‘येतंय मला’. पोरं त्यावर उड्या मारत होती. त्यांच्या मनात हसण्याचा विषयच नव्हता, त्यांना ते अभिमानानं आपलं वाटत होतं. मला वाटलं, चला, झालं गेलं धुऊन निघालं, आता मच्छिंद्रला सांगायला हवं. मी किती हलका माणूस आहे बघा, मला खरंच आनंद झाला होता.

काल सकाळी चकलांब्याला गेलो. मच्छिंद्र दारात बसून मेंढी भादरत होता. केस पिकलेत, अंगानं वाळलाय. मला बघून कात्री बाजूला ठेवली आणि बाज पुढं ओढली. सुमन पाणी घेऊन आली. मी इकडचं तिकडचं विचारत राहिलो, तो मान हलवत राहिला, उत्तरं तीच देत होती. दोन मुलं पुण्याला कामाला आहेत. धाकटी मुलगी शेंडेफळ, चौथीत. हुशार हाय, पन शाळंत तोंडच उघडत न्हाई, बाई लई तक्रार करत्यात, असं म्हणून सुमननं नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

मी मोबाइल काढून गाणं लावलं. म्हणालो, बघ, तुझा आवाज. आता लोक हसत नाहीत, नाचतात. आता ‘आमी’च चालतंय, मच्छिंद्र, तूच बरोबर होतास. त्यानं मोबाइल कानाशी धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग तो परत माझ्या हातात दिला.

“छान आहे,” तो म्हणाला.

आहे. हाय नाही, आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आल्यापासून तो जे दोन-चार शब्द बोलला होता, बसा, पाणी घ्या, उशीर झाला का, ते सगळे असेच होते. पुस्तकातले, एकेक उचलून ठेवलेले.

तेवढ्यात घरातून त्याची मुलगी पळत आली, दोन वेण्या, हातात पिशवी. “बाबा, आमी आंबे पाडाय जातो,” म्हणाली आणि मला बघून थबकली.

“काय?” मच्छिंद्र म्हणाला.

तिनं पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात अंगाला चिकटवून उभी राहिली, सवय असल्यासारखी. ओठ हलवून आधी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “आम्ही आंबे पाडायला जातो.”

“पुन्हा.”

“आम्ही आंबे पाडायला जातो.”

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज कापला, पण शब्द स्वच्छ आला, ‘ह’ जिथल्या तिथं. मच्छिंद्रनं तिला जा म्हटलं नाही. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. मुलगीही माझ्याकडे बघायला लागली. बरोबर आहे का, असं तो मला विचारत होता.

मी मान डोलावली.